इंगोले सरांचा उजेडाचा हट्ट

मार्च संपत आला की वर्ध्यातली शहाणी माणसं सकाळी दहाच्या आत खिडक्या लावून घेतात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतात आणि दिवस मावळेपर्यंत घरात काळोख धरून बसतात. याला अख्ख्या गावात एकच अपवाद होता, आणि तो नेमका माझ्या खोलीत बसत असे. आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे इंगोले सर आणि रसायनशास्त्र शिकवणारा मी, अशा दोघांना मिळून एकच प्रयोगशाळा दिलेली होती. मधे फळ्यांची पाच फुटी आडभिंत. त्या भिंतीपलीकडे तीन मोठ्या खिडक्या, आणि त्या तिन्ही भर बारा वाजता सताड उघड्या. बाहेरची झळ सरांना वळसा घालून थेट माझ्या टेबलावर येत असे. मी उठायचो, खिडक्यांची लाकडी दारं ओढून घ्यायचो, कपाळ पुसत जागेवर येऊन बसायचो, तोच पलीकडून आवाज यायचा.

"काऊन हो खेडकर, खिडक्या काऊन लावल्या? उजेड येऊ द्या ना!"

"सर, भट्टी झाली आहे इथं."

"भट्टी चालते. मले अंधार नाई चालत."

आणि तिन्ही खिडक्या पुन्हा उघडल्या जायच्या. हा खेळ दिवसातून चार वेळा होई. अशी मी दोन वर्षं काढली. नुकताच आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला होता आणि माणसं चौकाचौकांत त्यावर वाद घालत होती. आम्ही दोघं खिडक्यांवर घालत होतो.

सर दिसायला उंच, किडकिडीत, मानेवर उपरणं टाकलेले. बोलणं अस्सल इकडचं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दुरुस्ती चालू आहे, धक्का लावू नका." सायकलचं चाक आठवडाभर बसलेलं असलं तरी दुरुस्ती चालू आहे. एखादा पोरगा तीनदा इंटरला नापास झाला, दुरुस्ती चालू आहे. प्रिन्सिपॉलसाहेब त्यांच्यावर महिनाभर रुसून बसले, तेव्हाही यांचं तेच. मला एकदा पंधरा दिवस खोकला होता. मी खोकून खोकून बेजार, आणि हे आडभिंतीवरून डोकं काढून समाधानानं म्हणतात, "आतून दुरुस्ती चालू आहे, खेडकर." माझ्या हातात त्या वेळी परीक्षानळी होती म्हणून बरं, दुसरं काही जड असतं तर मी फेकलं असतं.

या सगळ्याचं मूळ एका दिव्यात होतं. नागपूरला कुठलासा खाजगी दवाखाना बंद पडला, त्याच्या जुन्या सामानातून सरांनी एक जांभळट प्रकाशाचा दिवा आणला. जंतू मारायचा दिवा. तो लावायच्या वेळी सर डोळ्यांना काळा चष्मा लावायचे, पूर्ण बाह्यांचा कोट चढवायचे आणि तोंडाला उपरणं गुंडाळायचे. पोरं त्यांना दरोडेखोर म्हणायची. एकदा मी सहज त्या दिव्याखाली हात नेला, तर एरवी मुंगीवरही न ओरडणारा हा माणूस असा किंचाळला, की माझ्या हातातली पेन्सिल पडली. "हात काढा! कातडी काय फुकटची आहे?" नंतर अर्धा तास त्यांनी दिवा लावलाच नाही. मला वाटलं, दिव्याची काळजी.

हा दिवा कशासाठी, हे मी एकदा विचारायची चूक केली. सरांनी मला खिडकीशी ओढत नेलं.

"पाहा, प्रत्येक पेशीत एक दोरी असते. दोन पदरी. डीएनए म्हणतात तिले. पेशीनं काय करायचं, कसं करायचं, ते सगळं त्या दोरीत लिहून असते. समजलं?"

"समजलं."

"हा दिवा त्या दोरीवर वार करते. दोरी बिघडली का पेशीची वाढ थांबली. मेलीच समजा. आता हे खमीर, म्हंजे यीस्ट, मी दिव्याखाली धरलं, अन् अर्धं पेटीत अंधारात ठेवलं, अर्धं खिडकीत ठेवलं. तीन दिवसानं काय दिसन?"

"दोन्ही मेलेलं."

"नाई ना!" सरांनी टेबलावर थाप मारली. "अंधारातलं मेलं. उजेडातलं उठून बसलं! वार तोच, दिवा तोच. पेशीच्या आत कोणीतरी बसून आहे, उजेड भेटला का तो दोरी दुरुस्त करते."

"कोण बसून आहे?"

"तेच तर कोणाले नाई मालूम!" असं म्हणताना त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता, की जणू न माहीत असणं हीच मोठी कमाई. अमेरिकेत कुणीतरी हे पहिल्यांदा पाहिलं, हे त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. वर्ध्यात ते करून पाहणारे हे एकटेच. आणि बसायचं मला यांच्या शेजारी.

आता हे खमीर कुठून येई ते ऐका. आमच्याकडे पहाटे नीरा विकायला येते. सिंदीच्या झाडाची ती गोड नीरा अख्खं गाव ऊन चढायच्या आत पिऊन मोकळं होतं, कारण ती आंबली की तिची दारू होते आणि आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. इंगोले सर हा गावातला एकमेव माणूस, जो नीरा विकत घेऊन ती आंबायची वाट पाहत बसे. आंबलेल्या नीरेतलं खमीर त्यांना हवं असे. तीन बाटल्या माझ्या कपाटात, कारण त्यांच्या कपाटात जागा नव्हती. वार्षिक परीक्षेच्या दिवशी, सगळीकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असताना, त्यातल्या एकीचं बूच उडालं. कपाटातून फेस वाहत आला. परीक्षेला बसलेली पोरं वास घेऊन माझ्याकडे पाहू लागली. दुसऱ्या दिवशी दारूबंदीचा जमादार आला तोही माझ्याच टेबलाशी उभा राहिला. मी इंगोले सरांकडे बोट दाखवलं. सरांनी जमादाराला खुर्ची दिली आणि दोन पदरी दोरीपासून सुरुवात केली. पाऊण तासानं जमादार डोकं धरून निघून गेला, आणि पुन्हा कधी फिरकला नाही.

पण गावात बोलणं सुरू झालंच. सर पितात. त्याला आणखी एक आधार होता. संध्याकाळी दिवेलागण झाली की सर वाक्य अर्धवट सोडून उठायचे. प्रिन्सिपॉलसाहेबांशी बोलत असले तरी उठायचे. सायकलवर टांग टाकून स्टेशनापलीकडच्या आपल्या घराकडे सुसाट. संध्याकाळी कुणाच्या घरी जायचे नाहीत, की कधी कुणाला स्वतःच्या घरी बोलावलं नाही. एवढी घाई कशाची असते, हे लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मीही मानलं होतं.

या सगळ्यावर मी पाणी सोडलं असतं. बशांवर नाही सोडू शकलो. पेशी वाढवायला काचेच्या झाकणवाल्या बशा लागतात, त्या आमच्या कॉलेजात एकूण चार. मग सर मिठाईवाल्याकडून चायना ग्रास आणायचे, बटाट्याच्या पाण्यात ते शिजवून चहाच्या बशांमध्ये ओतायचे, आणि थिजलं की त्यावर खमीर लावायचे. खिडकीत ठेवायच्या बशीवर काचेचा तुकडा झाकण म्हणून. अंधारात ठेवायच्या बशीवर दुसरी बशी पालथी, आणि सगळं एका पत्र्याच्या पेटीत बंद. यातल्या बहुतेक बशा माझ्या होत्या. माझ्या लग्नात आलेला, निळ्या काठाचा, बारा कपबशांचा सेट. खोलीत चहा व्हावा म्हणून मी हौसेनं आणून ठेवलेला. महिन्याभरात माझ्याकडे बारा कप आणि तीन बशा उरल्या. बायको विचारायची, बशा कुठं गेल्या? काय सांगणार, त्यांच्यावर साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके उगवले आहेत आणि शेजारचे सर ते सुईनं मोजत बसले आहेत?

त्या वर्षी कॉलेजनं जीवशास्त्राचा पदवीचा वर्ग मागितला होता. विद्यापीठाची समिती प्रयोगशाळा पाहायला गुरुवारी येणार होती. वर्ग मिळाला तर इंगोले सरांची जागा कायम. नाही मिळाला तर एप्रिलअखेर त्यांची नेमणूक संपणार, कारण इंटरच्या वर्गांना एक माणूस पुरे आणि तो त्यांच्याहून जुना होता. प्रिन्सिपॉलसाहेब पुण्याकडचे. ते सरांना हात जोडून म्हणाले, "इंगोले, बेडूक फाडून ठेवा, चार तक्ते लावा, आणि गप्प उभे राहा." सरांनी मान डोलावली, आणि सोमवारी दुपारी दिवा लावून दहा बशा तयार केल्या. पाच खिडकीत, पाच पेटीत. गुरुवारी समितीसमोर पेटी उघडायची, पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहायचं.

"सर, बेडूक बरा होता," मी म्हणालो.

"बेडूक मेलेला असते. मी त्याहिले जितं काम दाखवतो."

पेटी बंद करून सर लागोपाठच्या दोन तासांना गेले. आणि त्याच वेळी प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला, की समितीच्या चहाची व्यवस्था खेडकरांनी करावी. सहा पाहुणे. माझ्याकडे तीन बशा.

आता पुढं जे केलं ते मी केलं. माझं डोकं तापलं होतं. मी पेटी उघडली. पाच बशांवर पाच बशा पालथ्या, आणि वरच्या पाचही निळ्या काठाच्या, माझ्या. खालच्यांना मी हात लावणार नव्हतो, मी काही रानटी नव्हे. मी ते सगळं खिडकीशी नेलं, माझ्या पाच बशा काढून घेतल्या, आणि सरांचं काम उघडं पडू नये म्हणून काचेचे तुकडे शोधून, पुसून, एकेक बशीवर नीट झाकले. मग बशा राखेनं घासल्या, धुतल्या, पुसल्या. सगळं होईपर्यंत तास-सव्वा तास गेला असेल. तेवढा वेळ अंधारात ठेवायच्या त्या पाचही बशा वर्ध्याच्या लख्ख उजेडात बसून होत्या. मग मी त्या जशाच्या तशा पेटीत ठेवल्या, कडी लावली, आणि फार सभ्यपणे वागलो असं वाटून घरी गेलो. दोन वर्षं रोज उजेडाचं पुराण ऐकूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

गुरुवारी समिती आली. सरांनी धुतलेला सदरा घातला होता, आवाज थोडा चढलेला. दोरी सांगितली, वार सांगितला. खिडकीतल्या बशा दाखवल्या, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या. "आता अंधारातल्या पाहा," म्हणत त्यांनी पेटीची कडी काढली आणि पाचही बशा टेबलावर मांडल्या. त्याही तितक्याच भरलेल्या.

समितीचे अध्यक्ष वाकले, चष्मा सावरला. "अहो, दोन्हीकडं सारखंच दिसून राह्यलं."

सरांच्या हातात काचेचं झाकण होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. बशीच्या जागी काच. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला तेव्हा, त्या क्षणी, सगळं कळलं. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि प्रिन्सिपॉलसाहेब हातभरावर उभे होते.

"चूक माही आहे," सर म्हणाले. "पेटी माह्याच हातून उजेडात उघडी राह्यली."

अध्यक्ष हसले आणि घड्याळ पाहिलं. मग पाहुण्यांनी निळ्या काठाच्या बशांतून चहा घेतला आणि चहा छान झाल्याचं दोघातिघांनी मला आवर्जून सांगितलं. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. याची लाज मला आजही वाटते.

पुढचे पंधरा दिवस सरांनी मला एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो. हा माणूस खिडक्या उघडायचा, ठिपके मोजायचा, आणि "उजेड येऊ द्या" म्हणायचा. त्यांच्या न बोलण्याचाच मला जास्त वैताग आला.

मग पत्र आलं. वर्ग नामंजूर. मी त्याच सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं पत्र बाजूला ठेवलं. "खेडकर, तुम्ही एम.एस्सी. आहात ना हो? बशांसाठी?" त्यापुढे जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण माणूस मनानं वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "लेक्चररची जागा माझ्या हातात नाही. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून वर्षभर ठेवीन. विचारा त्यांना, उतरतील का एवढं खाली."

भर दुपारी बारा वाजता मी सायकल काढली. सर त्या दिवशी रजेवर होते. स्टेशन ओलांडून, रुईच्या जिनापलीकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यामागे, त्यांचं घर शोधत पोचलो तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. घर पाहून मी उभाच राहिलो. एकूणएक खिडकी बंद. नुसती बंद नाही, फटींवर काळा कागद चिकटवलेला, वरून घोंगडी ठोकलेली. मला वाटलं, चुकीच्या घरी आलो.

कडी वाजवली. आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे? आंधी पडवीत या, अन् बाहेरचं दार लावून घ्या. लावलं? पक्कं?" मी लावलं. मग आतलं दार उघडलं. आत रॉकेलची चिमणी जळत होती. भर दुपारी.

सर बाजेवरून उठले. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं ओकलो, पेटी मी उघडली, बशा मी काढल्या, तुमची जागा माझ्यामुळं गेली, मला माफ करा.

"किती वेळ होत्या उजेडात?" सर म्हणाले.

"काय?"

"किती मिनिटं? नक्की सांगा."

"सर, मी माफी मागून राह्यलो!"

"हो ना, मागा. पण मिनिटं सांगा. घंटाभर? सव्वा?" मी मान डोलावली. "म्हणजे घंटाभराचा उजेड पुरते! मी तीन दिवस ठेवत होतो." ते कोनाड्यातली वही काढून लिहायलाही लागले. मी कपाळावर हात मारून घेतला. मग प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप सांगितला, डेमॉन्स्ट्रेटरचा, मान खाली घालून.

"दिवा राहीन?" त्यांनी विचारलं.

"दिवा?"

"खोलीत दिवा राहीन ना माह्यापाशी? मंग झालं. डेमॉन्स्ट्रेटर तर डेमॉन्स्ट्रेटर."

एका दिव्यासाठी माणूस एवढा हपापलेला पाहून मी काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून एक मुलगी आली. आठ-नऊ वर्षांची. डोक्याला रुमाल. चेहराभर, हातांवर, मानेवर काळे-तपकिरी डाग, एक डोळा लाल. आमच्या वर्ध्यात डाग म्हटलं की एकच रोग आठवतो, आणि मीही नकळत एक पाऊल मागं सरलो. सरांनी ते पाहिलं.

"महारोग नाई, खेडकर. नागपूरच्या डॉक्टरनं लिहून देल्लं आहे. पण लोकाईले काय सांगता? दोन घरं सोडा लागली." त्यांनी मुलीला जवळ घेतलं. "ही बेबी. इले ऊन सोसत नाई. घटकाभराच्या उन्हानं कातडी जळते, डाग पडतात, मंग गाठी होतात. इच्या आंधी एक पोरगा होता. त्याले आमी उन्हात खेळू देल्लं. आमाले मालूम नव्हतं."

मघाशी दार उघडणाऱ्या वहिनी चुलीकडे तोंड करून बसल्या.

"ऊन तुमच्याही कातडीवर वार करते, माह्याही," सर हळू आवाजात म्हणाले. "पण आपली दुरुस्त होते. मले वाटते, इच्या पेशीत तो दुरुस्त करणारा नसन. मले वाटते, बरं का. शाबित काई नाई. डॉक्टर हसतात. पण खमिरात तो कोण आहे हे जरी समजलं..."

"तर बरी होईल?"

"नाई. पण काऊन होते, हे तरी समजन."

दिवेलागणीला हा माणूस कुठं धावत जायचा, ते मला आता कळलं. ऊन गेलं की लेकीला बाहेर फिरवायला. आणि आम्ही त्याला दारुडा ठरवून मोकळे झालो होतो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

बेबी मात्र माझ्या घामानं भिजलेल्या सदऱ्याकडे टक लावून पाहत होती. ती जवळ आली. "काका, तुमी आत्ताच बाहेरून आले?"

"हो."

"बारा वाजताचं बाहेर कसं दिसते?"

वर्ध्याच्या दुपारला मी जन्मभर शिव्याच दिल्या होत्या. मी सरांकडे पाहिलं. ते वही मिटून बसले होते.

मी बाजेवर बसलो, आणि सांगायला लागलो. रस्ता पांढरा पडलेला असतो. आपली सावली पायाखालीच येते, शोधावी लागते. जिनाच्या भिंतीशी एक कुत्रं जीभ काढून पडलं आहे. कडुलिंबाच्या झाडाखाली गाडीवान झोपला आहे, अन् त्याचे बैल उभ्या उभ्या डोळे मिटून आहेत. रूळ चमकतात, त्यांच्याकडे बघवत नाही. बेबी मधे मधे विचारत होती, बैल कोणत्या रंगाचे, चिमण्या कुठं जातात, कडुलिंबाची सावली हिरवी असते की काळी. हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिला उद्या नीट पाहून सांगतो म्हणालो.

तासभर मी बोलत होतो.